खडूच्या खुणांच्या आत

निरीक्षकांची नाडी छत्तीसवर आली, तेव्हा निरीक्षक शब्दकोडं सोडवत बसले होते.

सकाळचे अकरा वाजून गेलेले. खिडकीशी खुर्ची, मांडीवर पेपर, कानावर पेन्सिल. फोन वाजला. रुग्णालयाच्या देखरेख कक्षातल्या नर्सबाई बोलत होत्या. या बाईंना निरीक्षकांनी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा झाला होता. बाईंच्या समोर म्हणे पडद्यावर साठ माणसांची हृदयं एकाखाली एक मांडलेली असतात आणि कुठलं अडखळलं की त्या फोन करतात.

“आजोबा, बरं वाटतंय ना? नाडी छत्तीस दिसते आहे. चक्कर, घाम, काही?”

“छे हो! ठणठणीत आहे मी. पट्टा सैल झाला असेल.”

“परवाही तुम्ही हेच म्हणालात.”

“परवाही तो सैलच होता.”

नर्सबाई हसल्या. “घट्ट करा बघू. मी दहा मिनिटं अलार्म थांबवते. तोवर आकडा वर आला नाही तर गाडी पाठवीन हं.”

“खुशाल पाठवा. तेवढंच फिरणं होईल,” निरीक्षक म्हणाले आणि परत कोड्याकडे वळले. आडवा सात. उभा अकरा. तोही सुटला.

आता यातली गोम सांगायलाच हवी, कारण म्हाताऱ्याने स्वतःच्या तब्येतीबद्दल एक शब्दही खोटा सांगितला नव्हता आणि तरी सगळं खोटं होतं. तो ठणठणीत होता, हे खरं. पण पट्टा त्याच्या हातात नव्हताच.

निरीक्षकांचं हृदय कमकुवत. चौथ्यांदा रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी मनगटाला बांधायचा एक पट्टा दिला आणि सोबत एक फोन. पट्टा नाडी मोजणार, रक्तातला ऑक्सिजन मोजणार, आणि जवळ ठेवलेल्या फोनला कळवणार. फोन ते रुग्णालयाला कळवणार. शिवाय लेकीच्या मोबाइलवर तसंच अ‍ॅप. तिला बापाची नाडी चोवीस तास दिसायची. नाडी फार उसळली किंवा पस्तीसच्या खाली गेली की तिच्याकडेही अलार्म वाजायचा.

आणि लेक काय करत होती? चार तासांच्या अंतरावरच्या शहरात उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवत होती. सकाळी आठला शिडीने वर चढायची, काचेच्या त्या खोपटात बसायची, आणि पाचला उतरायची. वर फोन न्यायला बंदी. पण बापाचं दुखणं सांगून तिने मुकादमांकडून खास परवानगी काढली होती. एकदा दुपारी निरीक्षक खुर्चीतून जरा झटक्यात उठले, आणि नाडी उसळली. तिकडे वर अलार्म वाजला, तेव्हा लेकीच्या क्रेनच्या आकड्याला लोखंडी सळ्यांचा भारा लटकत होता. हात दचकला, भारा झुलला, खालची माणसं जीव घेऊन पळाली. कोणाला खरचटलंही नाही. लेकीने हे हसत हसत सांगितलं, जणू काही गंमतच! पण तिची आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आईने नवऱ्याच्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि स्वतःच्या मनगटाला बांधला.

“हे काय चालवलंयस?” निरीक्षक म्हणाले.

“पोरगी अधांतरी बसलेली असते. तिच्या कानात तुमच्या हृदयाची बोंब नको. आठ ते पाच मी घालणार. पाचनंतर तुम्ही.”

“अगं, ही लबाडी झाली.”

“झाली तर झाली. दंड करा मला.”

वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस हा! बाजारात शिरला की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळासुद्धा याने बोटाने चाचपून काढलेला. दोन दिवस तो धुसफुसला. तिसऱ्या दिवशी गप्प झाला, कारण झुलणारा भारा त्यालाही डोळ्यांसमोर दिसत होता. आणि एकदा मान्य केल्यावर त्याने लबाडीसुद्धा खात्याच्या शिस्तीत केली. फोन आपल्या उशाशी ठेवला आणि बायकोला पट्टा घालून चालायला लावलं. कुठवर गेली की आकडा तुटतो, ते पाहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर, त्यावर थेट गच्ची. खाली पाचव्या पायरीपर्यंत आकडा यायचा. वर गच्चीच्या दारातून पुढे कपड्यांच्या दुसऱ्या दोरीपर्यंत. दोन्हीकडे निरीक्षकांच्या सांगण्यावरून बायकोने खडूने खूण केली. आठ ते पाच या खुणांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. दळण, भाजी, औषधं, सगळं पाचनंतर.

बायको तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेली. गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच, बाकी चाल अजून तीच. डॉक्टर अहवाल पाहून खूश. लेक खूश. “बाबा, तुमची नाडी माझ्याहून चांगली झाली की!” म्हणायची. मग बायको फोन ठेवून दंड थोपटायची. “बघा, एकोणसत्तर वर्षांची नाडी! बासष्ट!”

आणि मग गेल्या आठवड्यापासून दुपारचे आकडे मध्येच घसरायला लागले. पंचेचाळीस. बेचाळीस. नर्सबाईंचे फोन आले. निरीक्षकांनी प्रत्येक वेळी छातीला हात लावून पाहिला आणि मला काही होत नाही म्हणून सांगितलं.

“तुला काही होतंय का गं?” त्यांनी एकदा विचारलंही होतं.

“मला काय धाड भरली आहे! पट्टाच बिघडलाय तुमचा.”

पण ती ओट्याला धरून उभी असलेली त्यांनी पाहिली होती. कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच पलंगावर बसलेली पाहिली होती. पाहिली होती आणि पेपर वर धरला होता. माणूस असा असतो, काय बोलायचं! दुसऱ्याच्या पारड्यातलं मेण दिसतं.

तर उभा अकरा सुटला, आडवा बारा मात्र अडला. निरीक्षक डोकं खाजवत सवयीने म्हणाले, “अगं, चार अक्षरी, ‘जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष’?”

उत्तर आलं नाही.

“अगं!”

स्वयंपाकघरात नळाचा आवाज नव्हता. मोरीत नव्हता. घरात कसलाच आवाज नव्हता. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात तो आकडा वाजला. छत्तीस. पट्टा सैल झाला असेल म्हणे! तिच्या हातात पट्टा कधी सैल असतो? ती तर करकचून बांधते, वळ उमटेपर्यंत. घड्याळ पाहिलं. नर्सबाईंचा फोन ठेवून सात मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी दिलेला फोन उशाशी होता. त्यांनी तो उचलला. पडद्यावर चौतीस.

आकडा येतोय. म्हणजे ती खुणांच्या आत आहे.

त्यांनी आपल्या फोनवरून नर्सबाईंना लावला. “बाई, तो पट्टा माझ्या हातात नाही. माझ्या बायकोच्या हातात आहे.”

“म्हणजे? कधीपासून?”

“महिना होत आला. दिवसा तीच घालते.”

“आजोबा, मग हे आठवडाभराचे आकडे...”

“तिचे. सगळे तिचे. गाडी पाठवा हो. पाया पडतो.”

बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “गाडी निघतेय. पंधरा मिनिटं लागतील. त्या कुठे आहेत?”

“शोधतो,” निरीक्षक म्हणाले.

स्वयंपाकघर. मोरी. आतली खोली. भिंतीला धरत धरत त्यांनी तिन्ही पाहिल्या. मोरीतली बादली जागेवर नव्हती. म्हणजे कपडे. म्हणजे गच्ची. एकोणीस पायऱ्या. डॉक्टरांनी सहा महिने एकसुद्धा पायरी चढायची नाही असं बजावलेलं. ते दाराबाहेर आले. समोरच्या दाराला कुलूप. खाली जोरात हाक मारली, कोणी ओ दिली नाही. या वेळी अख्खी इमारत कामावर गेलेली.

हातातला फोन वाजला. लेक.

“बाबा! चौतीस दाखवतंय! तुम्ही झोपून आहात ना? झोपा आधी!”

“मी बरा आहे, पोरी.”

“कसले बरे? आकडा दिसतोय मला!”

“तो आकडा माझा नाही.” त्यांना श्वास घ्यावा लागला. “आईचा आहे. तुला वर त्रास नको म्हणून ती दिवसा पट्टा घालते. ती गच्चीवर आहे. उठत नाहीये बहुतेक.”

पलीकडून नुसता क्रेनच्या मोटरचा घरघराट ऐकू आला. मग लेक फार हळू आवाजात म्हणाली, “भारा लटकलाय माझा. तो ठेवल्याशिवाय मला उतरता येत नाही. बाबा, तुम्ही जिना चढू नका. गाडी बोलावलीत ना? दारात थांबा.”

“बरं.”

“तेहतीस झाले.” ती थांबली. “बाबा, चढू नका.” परत थांबली. मोटरचा आवाज चढला, उतरला. “एकतीस. बाबा...” आणि मग तिचा बांध फुटला. “चढा, बाबा! चढा!”

त्यांनी आपला फोन कानाशी धरला, डॉक्टरांचा फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि कठड्याला धरून ते पहिली पायरी चढले. चौथ्या पायरीला छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. सातव्या पायरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांची नाडी आता किती होती, देव जाणे. ती मोजायला हातात काही नव्हतं. लेक कानात आकडे सांगत होती, त्यांच्या बायकोचे, आणि मध्येच म्हणत होती, “थांबा, बाबा, दम घ्या,” आणि लगेच म्हणत होती, “थांबू नका.” दहाव्या पायरीवर ते गुडघ्यांवर आले. उरलेल्या पायऱ्या लहान पोरासारख्या रांगत चढले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, रडत होता की धापा टाकत होता, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

गच्चीचं दार उघडं होतं. पहिली दोरी कपड्यांनी गच्च भरलेली. दुसरीही भरलेली, एकावर एक टाकलेले कपडे. तिसरी, चौथी रिकामी. त्या दोऱ्या खुणेच्या पलीकडे होत्या ना! बायको दुसऱ्या दोरीखाली कुशीवर पडली होती, बादलीशेजारी, खडूच्या रेघेच्या वीतभर आत. मुठीत चिमटा तसाच.

“अगं. अगं, मी आलोय.”

तिने डोळे उघडले. ओठ निळसर झालेले. आधी तिने जिन्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “चढलात?”

“बोलू नकोस. गाडी येतेय.”

“तिला... कळवलंत?”

“सांगितलं सगळं.”

“वर असताना?” बायकोच्या कपाळाला आठी पडली. शाळेतल्या पोरांना जिने दरदरून घाम फुटायचा तीच आठी. “अहो, काय तुम्ही... थांबायचं जरा.”

एवढंच ती बोलली. मग नजर त्यांच्यावरून सुटली आणि वाळत घातलेल्या चादरीवर कुठेतरी गेली.

“बाबा,” फोनमधून लेक म्हणाली. “भारा टेकला. मी उतरते आता. बाबा, आकडा गेला. बाबा, नुसत्या रेघा आल्यात. डॉक्टरांचा फोन जवळ आहे ना तिच्या? बाबा!”

फोन खिशात होता. तिच्यापासून हातभर अंतरावर.

छाती दाबायला रुग्णालयाने शिकवलं होतं, पण ते तिला. नवऱ्याचं हृदय थांबलं तर काय करायचं, म्हणून. तिने घरी उशी घेऊन सराव केला होता, पीटीच्या तालात, एक दोन तीन चार, आणि निरीक्षक बाजूला बसून थट्टा करत होते की उशीला आता बरं वाटतंय. आता त्यांनी तिला उताणी केली, तळव्यावर तळवा ठेवला आणि दाबायला लागले. एक दोन तीन चार. “जोरात,” ती उशीवर म्हणायची, “जोरात दाबायचं, बरगडी मोडली तरी चालेल.” हातात जोर नव्हता. छातीत श्वास नव्हता. तरी ते दाबत राहिले. किती वेळ, कोणास ठाऊक. फोन बाजूला पडला होता आणि त्यातून शिडी उतरणाऱ्या लेकीचे बूट खणखणत होते.

गाडीवाले दोघे वर आले, एक पुरुष, एक बाई. त्यांच्या कागदावर पट्ट्याच्या नोंदीतलंच उतरलं होतं, पुरुष, वय चौऱ्याहत्तर, हृदयरोग. समोर तसाच माणूस, राखेसारखा चेहरा, घामाने निथळलेला. पुरुषाने सरळ त्यांनाच धरलं आणि खाली निजवायला लागला.

“मला नाही!” निरीक्षक ओरडले. “अहो, मला नाही! तिला!”

दोन-चार सेकंदच गेली असतील. पण गेली.

गाडीत त्यांना बाकावर बसवलं. बाईने भराभर वायरी लावल्या. पट्टा मध्ये येत होता, तो तिने सोडला आणि निरीक्षकांच्या हातात कोंबला. “धरा हे.” तो अजून गरम होता. रुग्णालयाच्या दारातून त्यांनी तिला आत नेलं आणि निरीक्षकांना बाहेरच्या खुर्चीवर बसवून एका नर्सने दटावलं, हलायचं नाही. ते हलले नाहीत. हातात पट्टा होता. रोज पाचला ती समोर स्टुलावर बसायची, त्यांचं मनगट मांडीवर घ्यायची, पट्टा बांधायची आणि म्हणायची, “घ्या, तुमचा माल तुम्हाला परत.” त्यांनी तो डाव्या मनगटाला गुंडाळला. एका हाताने जमेना, तेव्हा दातात टोक धरून ओढला. करकचून.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. तरुण होते. खुर्चीपुढे उकिडवे बसले आणि निरीक्षकांचा गुडघा धरून त्यांनी सांगितलं. खूप प्रयत्न केला, म्हणाले. महिन्यापूर्वी लक्षात आलं असतं तर छातीत एक छोटं यंत्र बसवून भागलं असतं, असंही म्हणाले. नाही, आठवड्यापूर्वीसुद्धा. मग कोणीतरी हाक मारली म्हणून ते आत गेले.

फोन वाजला.

“बाबा! आले! आकडे आले परत!” लेक रडत होती आणि हसत होती. “अर्धा तास नुसत्या रेघा, मला वाटलं संपलं सगळं. आणि आता बघा, एकशे चार! जरा जास्त आहे, पण आहे ना! ऑक्सिजन ब्याण्णव! मी मुकादमांना म्हटलं, आईची नाडी आहे ती, अशी बरी थांबेल! बाबा, बोला ना. तिला म्हणावं, येऊ दे मला, मग बघतेच तिच्याकडे. पट्टा घालते म्हणे!”

निरीक्षकांनी मनगटाकडे पाहिलं. एकशे चार. एकशे सहा.

चार तासांचा रस्ता होता. काही बोलले नसते तर पोरगी चार तास हसत आली असती. आयुष्यात एवढं स्वस्त खोटं कोणी त्यांच्यापुढे ठेवलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, गेला महिनाभर बसले तसं. थांबायचं जरा, असं तीही म्हणाली होतीच.

“तू कुठे आहेस?” त्यांनी विचारलं.

“गाडीत. मुकादम चालवताहेत.”

“खाली आहेस ना? जमिनीवर आहेस ना तू?”

“हो बाबा, जमिनीवरच आहे. का?”

“पट्टा माझ्या हातात आहे, पोरी,” निरीक्षक म्हणाले. “ते आकडे माझे आहेत.”

मनगटावर आकडा चढत होता, एकशे दहा, एकशे अठरा, आणि तो तिला दिसत होता.